खारीचा दात आणि सात लाख वर्षं

३ फेब्रुवारी

हिने आज मला दवाखान्यातल्या खुर्चीत बसवून माझ्या दातांचा साचा घेतला. मी झोपेत दात खातो म्हणे, आणि याच वेगाने खात राहिलो तर दाढा सपाट होतील. मी म्हटलं, निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत, तेवढी निघतील. ही म्हणाली, "तुमची निघतील. दाढांची नाही निघणार." झोपताना घालायची एक पारदर्शक पट्टी मिळणार आहे. शिवाय ही वही मिळाली. "जे कुणाला बोलत नाही ते यात लिहा. दात झिजवण्यापेक्षा शाई झिजवा."

मी कुणाला काय बोलत नाही? मी तर दिवसभर बोलतच असतो.

पण वही आलीच आहे, तर लिहितो. मी संग्रहालयात जीवाश्म दातांच्या विभागाचा प्रमुख. विभागात मी आणि चाळणकाका. काका एकतीस वर्षं माती चाळतायत. टेकडीवरून पोत्याने माती आणायची, भिजवायची, चाळायची, उरलेला गाळ वाळवून भिंगाखाली एकेक कण बघायचा. एका पोत्यामागे दहा-बारा दात हाती लागतात. हाडं फुटतात, विरघळतात. दात तेवढे टिकतात. (ही म्हणते, मेल्यावर टिकतात हो, त्याआधीचं काय?)

बावीस वर्षांपूर्वी माझ्या टेकडीच्या सातव्या थरात मला एका खारीचे दात मिळाले. मोहरीपेक्षा जरासे मोठे, जगात कुणी न पाहिलेले. नव्या जातीला मी हिचं नाव दिलं. सहाव्या थरापर्यंत ती खार औषधालाही नाही, आणि सातव्यापासून वर जिकडेतिकडे तीच. पृथ्वीच्या कालपट्टीवर रेघा अशाच पाहुण्यांच्या आगमनावरून मारतात. येत्या १६ एप्रिलला कालमापन समिती बसेल आणि माझ्या सातव्या थरावर अधिकृत रेघ मारेल : एक कोटी बारा लाख वर्षं. त्या जागी खडकात पितळी खिळा ठोकतात.

एवढं सगळं सुरळीत असताना माणूस दात का खाईल? साचा घेताना काहीतरी चूक झाली असणार.

९ फेब्रुवारी

तळघरात नवं यंत्र आलं आणि यंत्राबरोबर एक बाई आल्या. खडकांचं वय काढतात. मी त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात. ज्वालामुखीची राख पडते तेव्हा तिच्यात बारीक स्फटिक असतात. त्या स्फटिकांत युरेनियम असतं, आणि ते ठरल्या गतीने शिशात बदलत जातं. किती बदललं ते मोजायचं की राख कधी पडली ते कळतं. बाईंनी मला हे लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मीही लहान मुलासारखी मान डोलावली.

मग म्हणाल्या, "सर, तुमच्या टेकडीत सातव्या थराच्या जरा वर बोटभर जाडीची पांढरी पट्टी आहे. ती राख आहे. मी नमुना लावू का?"

"लावा की," मी म्हटलं. "एक कोटी बारा लाखच येईल."

हा आकडा खरं तर माझा नाही, टोपीवाल्यांचा आहे. हे गृहस्थ माझे जुने प्रतिस्पर्धी. घरातसुद्धा टोपी काढत नाहीत, त्याअर्थी खाली काहीतरी दडवलेलं असणार. माझ्या टेकडीपासून चाळीस कोसांवर त्यांची टेकडी आहे. तिथेही माझी खार सापडली, आणि तिच्या पायाशी राखेचा थर होता, एक कोटी बारा लाख वर्षांचा. मी म्हटलं, मग माझ्याकडेही तेवढंच. यावर टोपीवाल्यांनी अकरा निबंध लिहिले. माझ्या खारीच्या जिवावर तो माणूस जगतोय, आणि सभेत मला ओळख दाखवत नाही.

२ मार्च

एक कोटी एकोणीस लाख.

पुन्हा लिहितो, म्हणजे मलाच पटेल. माझ्या खारीच्या वरची राख एक कोटी एकोणीस लाख वर्षांची आहे. वरची राख जेवढी जुनी, तिच्या खालची खार त्याहून जुनी. हे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणजे चाळीस कोसांवर टोपीवाल्यांकडे पोचायला माझ्या खारीला किमान सात लाख वर्षं लागली.

घड्याळबाई म्हणाल्या, "सर, मी तुम्हालाच आधी दाखवतेय."

मी म्हटलं, "यंत्र नीट पुसलंय का?"

त्यांनी आकड्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. काहीतरी लपवतायत.

३ मार्च

चार पानी पत्र लिहून तळघरात पाठवलं. मुद्दा असा की पट्टीत जुन्या राखेचे स्फटिक वाहून आले असतील. किटलीच्या नळीत आधीची चहापत्ती राहिली की चहा कडू होतो, तसं. फार समर्पक दाखला आहे. संचालकांनाही प्रत दिली.

१४ मार्च

घड्याळबाईंनी नवे चोवीस स्फटिक निवडले. एकेक पारखून, काठ घासून, उकळून. चोवीसच्या चोवीस एक कोटी एकोणीस लाख. एकही फितूर निघाला नाही.

संचालक म्हणाले, "मार्ग काढा. समिती महिन्यावर आली."

सध्या बाईंच्या दाढेचं काम हिच्याकडे चालू आहे. पाच खेपा झाल्या. इतकी हसतमुख बाई आणि दात इतके किडके, पटत नाही. आज मी दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा आत दोघी हसत होत्या. मला बघून बाईंनी घाईघाईने तोंड उघडलं आणि हिने घाईघाईने आरसा आत घातला. आरसा उलटा धरलेला होता, पण ही अनुभवी आहे, तिला चालत असेल.

१७ मार्च

उत्तर सापडलं! खार मंद होती.

सोपं आहे. खार माझ्या टेकडीत जन्मली आणि हळूहळू पसरली. मी हिशेब केला. चाळीस कोस भागिले सात लाख वर्षं म्हणजे वर्षाला जेमतेम वीतभर. सकाळी चहाच्या वेळी हिला उत्साहाने सांगितलं.

हिने कप खाली ठेवला. "वर्षाला वीतभर?"

"सरासरी."

"अहो, खार आहे ना ती? मांजर मागे लागलं तर काय करत असेल?"

"हा विनोदाचा विषय नाही."

"मी कुठे विनोद करतेय? आपला जिना चढायला तिला वीस-पंचवीस वर्षं लागतील." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मला एकदा तिचा दात बघू द्या ना. बावीस वर्षं माझं नाव घेऊन फिरतेय, तोंडओळख तरी होऊ दे."

गंमतच आहे. इतक्या वर्षांत हिने कधी विचारलं नव्हतं. दवाखान्याच्या भिंतीवर खारीचं मोठं चित्र आणि खाली हिचं नाव, असं प्रशस्तिपत्र मीच चौकटीत घालून लावलंय, पण मूळ दात दाखवायचा राहूनच गेला. उद्या आणतो म्हटलं.

१८ मार्च

आणला नाही. मूळ नमुना कपाटाबाहेर नेता येत नाही. हिला छायाचित्र दाखवलं.

हिने ते खिडकीपाशी नेलं, वळवलं, पुन्हा वळवलं. "मुळं फार फाकलेली आहेत."

"ते जातीचं लक्षण आहे. निबंधात पहिलं लक्षण तेच दिलंय."

"आणि वरचं कवच पातळ दिसतंय."

"दुसरं लक्षण."

"हं," ही म्हणाली. माझ्याकडे अशी बघत होती, जशी पेशंटला इंजेक्शन देण्याआधी बघते. मग म्हणाली, "चहा घेणार?" आम्ही नुकताच घेतला होता.

२३ मार्च

काकांचं वय झालं. गेले चार दिवस रोज सकाळी माझ्या टेबलावर तीच एक पत्र्याची पेटी विसरतात. वर काकांच्याच अक्षरात लिहिलंय : 'फुटके जबडे, साहेबांनी नको म्हटलेले'. मी ती उचलून कपाटात ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर. आज तर उघडी होती आणि शेजारी भिंगाचा दिवाही चालू होता.

"काका, वीज जळतेय."

"असू दे साहेब, जरा जळू दे," म्हणाले.

जबडे फुटके असले की मी बाजूला टाकायला सांगतो. सुट्या दाताचं माप नीट घेता येतं. जबड्यातल्या दाताभोवती हाडाची अडचण असते. पेटी पुन्हा आत ठेवली.

काकांना दुपारी लवकर जायचं होतं. हिच्या दवाखान्यात. त्यांना तर दोन्ही कवळ्या आहेत! कवळीला कीड लागते की काय, हिला विचारायला हवं.

२७ मार्च

टोपीवाल्यांचं पत्र. तीन वर्षांत पहिलं. 'तळघरातल्या कुणा बाईने काही भलतंच वय काढल्याचं कानावर आलं. आपण दोघांनी एकजुटीने उभं राहायला हवं. आपली खार भक्कम आहे.'

आपली खार! बरं वाटलं आणि जीवही घाबरला. हा माणूस माझ्या बाजूने उभा राहतोय त्याअर्थी माझं काहीतरी नक्की चुकतंय.

३० मार्च

आज लिहायला हात धजत नाही. पण वही त्यासाठीच दिलीय म्हणतात.

सकाळी पेटी पुन्हा टेबलावर. मी उचलली, आणि काका दारात उभे होते. एकतीस वर्षांत काकांना दारात नुसतं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ते नेहमी कुठेतरी निघालेले असतात.

म्हणाले, "एकदा बघा. मग मी कायमची आत ठेवतो."

केवळ त्यांच्या मनासाठी म्हणून मी वरचा जबडा भिंगाखाली सरकवला. नखाएवढा तुकडा. मागे तीन दाढा, आपल्या नेहमीच्या साध्या खारीच्या, जी खालच्या पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत पोत्याने सापडते. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि त्या दाढांच्या पुढे, त्याच हाडात, माझा दात. हिच्या नावाचा. मुळं फाकलेली, कवच पातळ. दोन निरनिराळ्या जातींचे दात एका जबड्यात!

खालून हाडाचा टवका उडालेला होता. मी जबडा वळवला. फाकलेल्या मुळांच्या मधोमध, खाली, दुसरा एक दात दडून बसला होता. जाड, टणक, अजून वर न आलेला. साध्या खारीचा, कायमचा. वरच्याला ढकलून बाहेर काढायच्या तयारीत.

मुळं का फाकलेली होती? खालच्याला जागा द्यायला. कवच का पातळ? कारण तो दात चार महिन्यांच्या वापराचाच होता.

दुधाचा दात. मी पिल्लाचा दुधाचा दात काढून त्याची वेगळी जात केली. त्या जातीला बायकोचं नाव दिलं. तिच्यावर पृथ्वीच्या इतिहासातली एक रेघ मारायला निघालो. आणि माझ्या घरात दंतवैद्य आहे!

काका अजून दारातच होते. "हा कधी सापडला?" मी विचारलं.

"नऊ वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, फुटका आहे, ठेवा बाजूला."

३१ मार्च

पेटी कपाटात ठेवली. कुलूप लावलं. किल्ली खिशात आहे.

विचार असा : समितीला अजून पंधरा दिवस आहेत. कुणालाही काही ठाऊक नाही. काकांना ठाऊक आहे, पण काका नऊ वर्षं गप्प बसले, आणखी तीन बसतील. मग मी निवृत्त. नंतर एखादा हुशार माणूस शोधून काढेल, तोवर पितळी खिळा गंजलेला असेल.

पितळ गंजत नाही. हिरवं पडतं.

१ एप्रिल

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. दुधाचा दातच असेल, तर साध्या खारीला पिल्लं पहिल्या थरापासून होत असणार. मग सहाव्या थरापर्यंत त्यांचे दुधाचे दात गेले कुठे? सातव्या थरालाच एकाएकी पाळणा हलायला लागला का?

जेवताना हिला सहज विचारलं, "आपण टेकडीवर गेलो होतो त्या मोसमातलं तुला काही आठवतं का?" ही तेव्हा सुट्टी काढून माझ्याबरोबर आली होती, लग्नाला वर्ष झालं होतं.

"न आठवायला काय झालं? माझी मच्छरदाणी फाडलीत ना तुम्ही!"

"मी?"

"तुम्ही आणि काकांनी. चाळणीची जाळी तुटली, नवी मिळेना, म्हणून माझी मच्छरदाणी कापून चौकटीवर ठोकली. पुढचे एकोणीस दिवस मला डासांनी फोडून काढलं. तारीखसुद्धा सांगते, दहा तारखेला कापली."

मी हात न धुता उठलो आणि माळ्यावरून त्या मोसमाची वही काढली.

नऊ तारीख : सहावा थर पूर्ण, चाळणी तुटली. दहा तारीख : सातव्या थराला सुरुवात. अकरा तारीख, माझ्याच अक्षरात, तीन उद्गारचिन्हांसह : नवी खार!!!

जुन्या चाळणीची भोकं मोठी होती. बारीक दुधाचे दात त्यातून पाण्याबरोबर वाहून जात होते. मच्छरदाणीने ते धरले. टोपीवाल्यांकडे खालचे थर नदीच्या गोट्यांचे आहेत, त्यात असले बारीक दात टिकतच नाहीत. वरच्या चिखलात टिकले, म्हणून तिकडे खार सात लाख वर्षं उशिरा आली. कुणीही आलं नव्हतं, कुणीही गेलं नव्हतं. पृथ्वीच्या कालपट्टीवर मी जी रेघ मारायला निघालो होतो, ती माझ्या बायकोच्या मच्छरदाणीची किनार होती.

माळ्यावरच बसून राहिलो. मग हसू आलं. ते थांबेना. ही खालून ओरडली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "डास." ती म्हणाली, "आता?"

२ एप्रिल

कुलूप उघडलं. पेटी घेऊन तळघरात गेलो आणि घड्याळबाईंसमोर ठेवली. सगळं सांगितलं. नळीतल्या चहापत्तीबद्दल माफी मागितली.

मला वाटलं होतं बाई विजयी मुद्रेने हसतील. त्यांनी डोळे पुसले. "सर, मी तुमचंच पुस्तक वाचून या विषयात आले. मला वाटलं होतं माझंच काहीतरी चुकलंय. म्हणून चोवीस स्फटिक घेतले."

मग नाक ओढून म्हणाल्या, "सर, रेघ तुमच्याच टेकडीत मारू या ना. पण खार नको, घोडा घेऊ."

खरंच की. एकेका पायाला तीन खुरं असलेला तो घोडा दुसऱ्या प्रदेशातून आलेला आहे. त्याचा दात अक्रोडाएवढा, कसलीही चाळणी असली तरी सुटणार नाही. आमच्याकडे तो अकराव्या थरात येतो, आणि बाई म्हणतात त्याच्याही लागून राखेची पट्टी आहे. नमुना त्यांनी मागच्याच आठवड्यात आणून ठेवलाय. कशी कोण जाणे, बाईंना दूरदृष्टी आहे.

आता हिला सांगायचं उरलं. ते सर्वांत अवघड. जात रद्द झाली की नाव जातं. बावीस वर्षं जे नाव शास्त्राच्या यादीत दिमाखात होतं, ते माझ्या हाताने खोडायचं.

५ एप्रिल

सांगितलं. दवाखाना बंद व्हायच्या वेळी गेलो, जाताना फुलं घेतली. रुग्णांच्या खुर्चीत मीच बसलो, दुसरी खुर्ची नव्हती. म्हटलं, "मन घट्ट कर. तुझी खार गेली."

हिने हातमोजे काढले.

"ती कधी नव्हतीच. दुधाचा दात होता. तुझं नाव आता राहणार नाही. मी तुझा अपराधी आहे."

हिने फुलं बाजूला ठेवली, स्टूल ओढून भिंतीशी नेलं, त्यावर चढली आणि ते प्रशस्तिपत्र खाली उतरवलं. "बावीस वर्षं," ही म्हणाली. "रोज एक तरी पेशंट विचारतो, डॉक्टर, ही खार तुमची कोण? माझे पुढचे दोन दात जरा मोठे आहेत, ते मला शाळेपासून ठाऊक आहे. तुम्ही जगाला सांगितलंत."

"मी प्रेमाने ठेवलं होतं गं."

"म्हणून तर बावीस वर्षं टांगलं." तिथेच, स्टुलावर बसून, ही रडली की हसली ते मला नीट दिसलं नाही, कारण खुर्ची मागे कललेली होती आणि माझं तोंड छताकडे होतं.

भिंतीवर चौकटीएवढा पांढरा चौकोन राहिलाय. तिथे काय लावणार विचारलं. म्हणाली, "काही नाही. भिंत."

मी म्हटलं, "तुला छायाचित्र बघूनच कळलं होतं का?"

"मला काय कळणार खारीतलं?" ही म्हणाली आणि दिवा मालवायला गेली. बरोबर आहे. माणसाचे दात निराळे.

१६ एप्रिल

समिती. लांबट खोली, लांबट टेबल, सतरा माणसं, पाण्याच्या सतरा बाटल्या. माझ्या मागे भिंतीशी घड्याळबाई आणि काका. काकांना मी हट्टाने आणलं, ते चाळणीची चौकट घेऊन आले.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "माझ्या जातीवर रेघ मारू नका. ती जात नाही, तो दुधाचा दात आहे." जबडा मोठ्या पडद्यावर दाखवला. मग मच्छरदाणीची हकीकत सांगितली. कुणाच्या तरी बाटलीतले बुडबुडे ऐकू आले.

पहिले टोपीवाले उठले. मला वाटलं, आता माझे दात माझ्याच घशात घालणार. पण नाही! ते तावातावाने म्हणाले, "माझा सक्त विरोध आहे. यांना स्वतःच्या खारीची कदर नाही. ही जात भक्कम आहे. मी तिच्यावर अकरा निबंध लिहिलेत!"

"महाशय, जात मी शोधली," मी म्हटलं.

"म्हणून ती बुडवायचा तुम्हाला अधिकार नाही!"

पाऊण तास टोपीवाले माझ्या खारीसाठी माझ्याशी लढले. मी बावीस वर्षांत तिच्या बाजूने जे जे मुद्दे मांडले होते, ते सगळे त्यांनी माझ्यावर फेकले. फाकलेली मुळं. पातळ कवच. शेवटी तर ते म्हणाले, "कदाचित ती हळू चालत असेल!" मला त्यांची फार कीव आली. हा विचार आपल्याही मनात येऊन गेला, हे मी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "तो जबडा कुणी निवडला?"

मी काकांकडे बोट केलं. काका उठले. एवढ्या विद्वानांसमोर ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी चौकट टेबलावर ठेवली आणि टोपीवाल्यांना म्हणाले, "साहेब, तुमचे खालचे गोट्यांचे थर सोडा. वरचा एक पोतं चिखल पाठवा. मी चाळतो. जबडा निघाला तर तुम्हीच बघा, कुणी सांगायला नको."

टोपीवाल्यांनी टोपी काढली. खाली फक्त टक्कल होतं. खाली बसले.

मग घड्याळबाई. अकराव्या थरातल्या घोड्याला लागून असलेली राख : एक कोटी अकरा लाख चौऱ्याऐंशी हजार वर्षं, चूकभूल बारा हजार. टोपीवाल्यांच्या टेकडीतही घोडा त्याच सुमाराला. दोन टेकड्या पहिल्यांदा एका वेळेवर आल्या. मतदान : बाजूने सोळा, तटस्थ एक. रेघ सातव्या थरावरून अकराव्यावर गेली, म्हणजे पाच हात वर.

येताना तिघेही एकाच गाडीत होतो. मग काका म्हणाले, "भूक लागली." आम्ही उतरून उकडलेली अंडी खाल्ली. मी चार खाल्ली.

२० एप्रिल

हिने दाढा तपासल्या. नवी झीज नाही. पट्टी महिनाभर डबीतच पडून आहे हे मी सांगितलं नाही. घड्याळबाईंच्या दाढांचं कामही एकदम संपलं म्हणे. काकांच्या कवळीचंही. हिच्या हाताला यश आहे.

११ मे

समितीच्या निर्णयाचा निबंध लिहून झाला. वर नावं कुणाची हा प्रश्न आला. घड्याळबाई म्हणाल्या, तुमचं आधी. मी म्हटलं, तुमचं आधी. मग दोघांनी एकदमच म्हटलं, काकांचं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, आणि लिहायला लाज वाटते, पण लिहितो : मला काकांचं नाव ठाऊक नाही. एकतीस वर्षं माणूस माझ्यापासून चार हातांवर बसला. सुरुवातीला कुणीतरी चाळणकाका म्हणालं, तेच चाललं. घरी कोण आहे, गाव कोणतं, काही विचारलं नाही. मी कोटी वर्षांपूर्वीच्या खारीची तीन पिढ्यांची चौकशी केली.

जाऊन विचारलं. काकांनी हात पुसले आणि सांगितलं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सावकाश. मी निबंधाच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. छान नाव आहे. तोंडात भरतं.

२९ जुलै

निबंध छापून आला. मी सगळ्यांत पहिली प्रत घेऊन काकांच्या टेबलापाशी गेलो. ते गाळ निवडत होते. घड्याळबाई मागे उभ्या होत्या. हीसुद्धा आली होती, दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून.

काकांनी प्रत हातात घेतली नाही. भिंगाखाली ठेवायला लावली. दिवा जवळ ओढला. आणि दातांचं ताट बघतात तसं, डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर बघत गेले. बराच वेळ. आम्ही तिघं त्यांच्या मागे वाकून.

"चुकलंय," काका म्हणाले.

"काय?"

"वडिलांचं नाव. मधलं अक्षर. ऱ्हस्व पाहिजे, तुम्ही दीर्घ काढलंय."

माझा चेहरा पडला. मी म्हटलं, "काका, माफ करा. पण एका वेलांटीने काय होतंय, कुणाच्या लक्षातही—"

काकांनी भिंगातून डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळबाईंनी पाहिलं. मग हिने.

मी शेजारच्या खुर्चीत बसलो, कागद ओढला आणि संपादकांना पत्र लिहायला घेतलं : 'महोदय, आमच्या निबंधात एक चूक राहिली आहे, ती पुढील अंकात ठळकपणे दुरुस्त करावी.' काका खांद्यावरून वाचत होते.

"ठळकपणे चांगलं आहे," ते म्हणाले. "राहू दे."